गलबतावर म्हटलेले बुद्धवचन

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय 'बुद्धांची मूळ शिकवण आणि तिचा प्रसार' असा जाहीर झाला आहे, आणि रीतीप्रमाणे पहिला अर्धा तास शिकवणीला व उरलेला अर्धा तास प्रसाराला अशी वाटणी मी करायला हवी. ती मी करणार नाही. बरीच वर्षे या विषयामागे हिंडल्यावर माझे मत असे झाले आहे की, ही शिकवण कशी पसरली हे आधी नीट पाहिले तर ती काय होती हे निम्म्याहून अधिक आपोआप उमगते. उलट टोकाकडून सुरुवात केली की चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्ग यांची यादी वहीत उतरते आणि वहीतच राहते. माझी एक लाडकी कल्पना आहे आणि ती कोणापुढे तरी मांडायला मिळावी म्हणूनच हे निमंत्रण मी स्वीकारले, हेही कबूल करून टाकतो. कल्पना अशी की, धम्म दूरवर गेला तो कोणी ढकलला म्हणून गेला नाही. प्रवासाला निघायचे आहे हे धरूनच त्याची बांधणी झालेली होती.

या कल्पनेच्या आड एक वाक्य कित्येक वर्षे ठाण मांडून बसले आहे. 'बौद्ध धर्माचा प्रसार कोणी केला?' असा दोन गुणांचा प्रश्न आमच्या वेळी हमखास येत असे आणि 'सम्राट अशोकाने' एवढे लिहिले की दोन्ही गुण पदरात पडत. मलाही ते मिळाले होते. परत करण्याची सोय असती तर आज मी ते परत केले असते. अशोकाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. स्वतः जिंकलेल्या युद्धाचा पश्चात्ताप दगडावर कोरून ठेवणारा दुसरा राजा मला ठाऊक नाही, आणि लुंबिनीला स्वतः जाऊन त्या गावाचा कर माफ करणारा व राजभाग आठव्या हिश्श्यावर आणणाराही तोच. पण त्याचे मोठे शिलालेख उघडून वाचावेत. आईवडिलांची सेवा करावी, ब्राह्मण व श्रमण यांना दान द्यावे, प्राण्यांची हिंसा टाळावी, आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करताना जीभ आवरावी, असा त्यातला धम्म आहे. चार आर्यसत्ये त्यात नाहीत, अष्टांगिक मार्ग नाही, निर्वाणाचे नाव नाही. संघाला उद्देशून लिहिलेला बैराटचा लेख तेवढा वेगळा आहे. त्यात त्याने सात बुद्धवचनांची नावे घेतली आहेत आणि भिक्खू-भिक्खुणींनी, तसेच उपासक-उपासिकांनी ती वारंवार ऐकावीत, मनात धरावीत, अशी इच्छा व्यक्त केली आहे. म्हणजे राजाने ती निवडली त्याच्या आधीच ती वचने लोकांच्या तोंडी होती आणि त्यांना नावेही पडलेली होती. मग लोकांच्या तोंडी ती घातली कोणी?

इसिपतनाला, म्हणजे आजच्या सारनाथला, पाच जुन्या सोबत्यांपुढे पहिले प्रवचन झाले. पाठोपाठ वाराणसीच्या एका श्रेष्ठीचा मुलगा यश आला, मग त्याचे ५४ मित्र आले, आणि बुद्धांखेरीज जगात ६० अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेले, झाले, अशी नोंद विनयपिटकात, म्हणजे संघाच्या नियमांच्या ग्रंथात, आहे. साठ माणसे जमली की आपण काय करतो? संस्था नोंदवतो, कार्यकारिणी निवडतो आणि अध्यक्षपदावरून भांडतो. (अध्यक्ष महोदयांनी हे मनाला लावून घेऊ नये.) बुद्धांनी जमलेल्या साठांना पांगवले. 'चरथ भिक्खवे चारिकं बहुजनहिताय बहुजनसुखाय' हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. त्याला लागूनच असलेले दुसरे वाक्य मात्र फारसे कोणी म्हणत नाही. 'मा एकेन द्वे अगमित्थ', एका वाटेने दोघे जाऊ नका. साठ माणसे आणि साठ वाटा, असा तो हिशेब आहे, आणि माझ्या मते प्रसाराचा इतिहास या चार शब्दांपासून सुरू होतो.

आता मी ज्या गोष्टीसाठी इथवर आलो ती सांगतो. ती माझी फार आवडती असल्यामुळे लांबणार आहे. ज्यांनी माझ्याकडून ती पूर्वी ऐकली असेल त्यांनी सहन करावे.

मज्झिम निकायात, म्हणजे बुद्धांच्या प्रवचनांच्या एका पाली संग्रहात, पुण्ण नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. तो बुद्धांकडे येतो आणि म्हणतो की, मला थोडक्यात उपदेश द्यावा, तो घेऊन मी एकटा कुठेतरी राहीन. बुद्ध त्याला खरोखरच थोडक्यात सांगतात. डोळ्यांना दिसणारी रूपे आहेत, ती हवीशी, गोड वाटणारी असतात. भिक्खू त्यांत रमला, त्यांना कवटाळून बसला, की त्याच्या मनात नन्दी, म्हणजे रमण्याची गोडी, उपजते, आणि नन्दीच्या उदयातून दुःखाचा उदय होतो. तो त्यांत रमला नाही तर नन्दी विरते आणि नन्दी विरली की दुःख विरते. जे डोळ्याचे तेच कानाचे, नाकाचे, जिभेचे, कायेचे आणि मनाचे. 'नन्दी' हा शब्द तेवढा लक्षात ठेवा, कारण पुढे वेळ उरला नाही तर मूळ शिकवण म्हणून मी त्याच्याकडेच बोट दाखवणार आहे.

उपदेश झाल्यावर बुद्ध विचारतात, आता राहणार कुठे? पुण्ण म्हणतो, सुनापरान्त नावाचा प्रदेश आहे, तिथे. सुनापरान्त म्हणजे आपली पश्चिम किनारपट्टी; अट्ठकथेची, म्हणजे पाली टीकाग्रंथांची, परंपरा पुण्णाला सुप्पारकाचा, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचा, व्यापारी मानते. तेव्हा हा माणूस आपल्याच गावाकडे निघाला आहे. बुद्ध म्हणतात, पुण्णा, सुनापरान्ताचे लोक चंड आहेत, कठोर आहेत. त्यांनी तुला शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणतो, मला वाटेल, हे लोक फार भले, मला हाताने मारत नाहीत. हाताने मारले तर? भले लोक, ढेकळे फेकून मारत नाहीत. ढेकळे मारली तर? भले लोक, काठीने मारत नाहीत. काठीने मारले तर? शस्त्राने मारत नाहीत. शस्त्र चालवले तर? जिवे मारत नाहीत. आणि जिवेच मारले तर? पुण्ण म्हणतो, देहाला विटलेली माणसे शस्त्र घेऊन येणाऱ्याच्या शोधात हिंडतात. मला तो न शोधता मिळाला असे मी समजेन. बुद्ध म्हणतात, साधु, साधु, पुण्णा. एवढा संयम आणि शांती तुझ्यापाशी असेल तर तू सुनापरान्तात राहू शकशील. आता तुला योग्य वाटेल तेव्हा नीघ.

हा संवाद बहुतेक ठिकाणी क्षमेचा धडा म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. मला मात्र त्यात एक मुलाखत दिसते. परमुलखात पाठवायच्या माणसाची इतकी बारकाईने, एकेक पायरी चढत घेतलेली परीक्षा मी दुसरीकडे वाचलेली नाही, आणि तीत धम्माच्या ज्ञानाविषयी एकही प्रश्न नाही. तू त्यांना काय शिकवशील, असे बुद्ध विचारत नाहीत. ते तुझ्याशी वाईट वागले तर तू त्यांच्याविषयी काय विचार करशील, एवढेच पुन्हा पुन्हा विचारतात. सुत्तात पुढे तीनच ओळी आहेत: पहिल्याच वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, पुण्णाने ५०० उपासक व ५०० उपासिका मिळवल्या, स्वतः तीन विद्या साक्षात केल्या आणि काही काळाने तो परिनिर्वाण पावला. पाचशे हा त्या वाङ्मयातला 'पुष्कळ' सांगण्याचा आकडा आहे, तेव्हा मोजणीच्या भानगडीत पडू नये.

याच माणसाची दुसरी कथा संस्कृत 'दिव्यावदाना'त आहे. तिथे तो पूर्ण आहे, शूर्पारकच्या भव नावाच्या व्यापाऱ्याचा दासीपोटी झालेला मुलगा. तो सहा वेळा समुद्रसफर करून सुखरूप परत येतो. त्याची कीर्ती ऐकून श्रावस्तीचे व्यापारी माल घेऊन येतात आणि सातव्या सफरीला त्याला बरोबर घेतात. गलबतावर हे श्रावस्तीकर रात्र सरता सरता आणि पहाटे काहीतरी सुरात म्हणत असतात. पूर्ण त्यांना म्हणतो, गाणी छान गाता हो तुम्ही. ते म्हणतात, सार्थवाह, ही गाणी नव्हेत, हे बुद्धवचन आहे. 'बुद्ध' हा पूर्वी कधी न ऐकलेला शब्द कानी पडतो आणि त्याच्या अंगावर रोमांच उभे राहतात. ते काय म्हणत होते याची यादीही कथाकार देतो: उदान, पारायण, स्थविरगाथा, मुनिगाथा, अर्थवर्गीय सूत्रे. कथा म्हणून तिचा जो काही भाव करायचा तो करा, पण त्या गलबतावर एकही भिक्खू नाही, हे पाहा. मालाच्या गाठींवर बसलेले व्यापारी आहेत, त्यांना सूत्रे तोंडपाठ आहेत, आणि कथाकाराला त्यात नवल वाटण्यासारखे काही दिसत नाही.

अर्थवर्गीय सूत्रांचे नाव मी मुद्दाम घेतले. पालीत त्यांना अट्ठकवग्ग म्हणतात आणि विनयपिटकात सोण कुटिकण्ण नावाचा तरुण भिक्खू जेतवनात बुद्धांपुढे तीच म्हणून दाखवतो. हा सोण अवन्तीचा, महाकच्चानाचा शिष्य. त्याला उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, मिळायला तीन वर्षे लागली, कारण नियमाप्रमाणे दहा भिक्खू हवेत आणि अवन्ती-दक्षिणापथात दहा भिक्खू एके ठिकाणी जमेनात. तो बुद्धांच्या दर्शनाला निघाला तेव्हा महाकच्चानाने त्याच्याबरोबर पाच विनंत्या पाठवल्या. त्या वाचताना मला दरवेळी हसू येते आणि थोडे भरूनही येते. एक, इकडे भिक्खू कमी आहेत, कमी संख्येत उपसंपदा देऊ द्यावी. दोन, इकडची जमीन काळी, खरखरीत आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, तेव्हा पादत्राणाला एकापेक्षा जास्त तळ चालावेत. तीन, इकडचे लोक स्नानाला फार महत्त्व देतात, तेव्हा वारंवार आंघोळीची मुभा असावी. चार, इकडे अंथरायला कातडी वापरतात, ती चालावीत. पाचवी चीवराच्या, म्हणजे भिक्खूच्या वस्त्राच्या, हिशेबाची आहे. 'कण्हुत्तरा भूमि' असे मूळ शब्द आहेत. काळ्या मातीतून चैत्रात अनवाणी चाललेल्या माणसाला त्याचे भाष्य सांगायला नको. बुद्धांनी पाचही मान्य केल्या. सीमेवरच्या मुलखात विनय जाणणारा एक धरून पाच भिक्खू पुरेत, असे ठरले. धर्माचा नियम जमिनीच्या पोताप्रमाणे सैल करणारी ही संमती मला कुठल्याही राजाज्ञेपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

भाषेचेही तेच. ब्राह्मण कुळातले, उत्तम वाणीचे दोन भाऊ भिक्खू झाले होते. निरनिराळ्या कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा ते छंदस्मध्ये, म्हणजे वेदांच्या धाटणीच्या भाषेत, बांधून टाकू या, असे त्यांनी सुचवले. बुद्धांनी त्यांना फटकारले आणि 'सकाय निरुत्तिया', आपापल्या बोलीत, ते शिकण्याची अनुज्ञा दिली. टीकाकार बुद्धघोषाने 'सकाय' म्हणजे बुद्धांची स्वतःची मागधी असा अर्थ लावला आहे, हे इथल्या पालीच्या अभ्यासकांनी उठून सांगण्यापूर्वी मीच सांगून ठेवतो. मला तो अर्थ पटत नाही, कारण मग त्या दोन भावांची तक्रार ऐकून घेण्याचे कारणच उरत नाही. दूरचे उदाहरण हवे तर १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर आठवावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्रिशरण-पंचशील पालीत घेतले, तेही मूळच्या आराकानच्या भिक्खू चंद्रमणींकडून, आणि मग समोरच्या लाखोंना बावीस प्रतिज्ञा मराठीतून दिल्या.

आता माझी तक्रार, आणि ती मी प्रत्येक व्याख्यानात करतो. काही वर्षांपूर्वी काही विद्यार्थ्यांना घेऊन मी कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलो होतो. एक गृहस्थ एका कुटुंबाला माहिती देत होते की, हे सगळे पांडवांनी एका रात्रीत कोरले, आणि कोंबडा आरवल्यामुळे पुढचे काम राहून गेले. मी न राहवून खांबावरच्या ब्राह्मी अक्षरांकडे बोट दाखवले आणि वाचले: 'धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं', धेनुकाकट गावच्या सिहधय यवनाने दिलेला हा खांब. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "असेल की साहेब, पण नीट बघा, पांडवांचं नावही कुठंतरी असणारच." विद्यार्थी हसले, मी हसलो नाही, कारण नाशिकच्या लेण्यांना आपण सर्रास पांडवलेणी म्हणतो, आणि म्हणणाऱ्यांत मीही होतो. पांडवांबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण त्यांच्या नावाखाली जी माणसे गाडली गेली, त्यांनी आपली नावे छिन्नीने कोरून घेतली होती, आणि त्यांच्या पैशावर हे उभे राहिले होते. कार्ल्याचे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे असे कोरून ठेवणारा भूतपाल हा वैजयंतीचा सेठी होता. दाराचे दान देणाऱ्यांत एक सुतार आहे, एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी, म्हणजे धंदेवाल्यांचा संघ, आहे, कुड्याला माळी आहे, कान्हेरीला कल्याणचा लोहार आहे. 'थंभो' हा शब्द ऐकून जाता जाता एक गंमत सांगतो: आपले 'थांबणे' त्याच स्तंभापासून आले आहे, आणि त्या दिवशी त्या खांबापाशी आम्ही तासभर थांबलो होतो.

नाशिकच्या दहाव्या लेण्यातला एक लेख तर हिशेबनीसाने वाचावा असा आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात लेणे 'चातुदिस' संघाला, म्हणजे चारही दिशांच्या संघाला देतो, आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, अक्षयनीवी ठेवतो. हे पैसे भिक्खूंच्या हाती जात नाहीत, कारण त्यांना सोन्यारुप्याला हात लावायचा नाही. ते गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले आहेत: २,००० एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १,००० दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे भोगायचे. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. आता तोंडी करून पाहा. दोन हजारांचे महिन्याचे वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कवडी इकडे नाही, एक कवडी तिकडे नाही. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असेही लेखात आहे. पावसाळ्याचे महिने भिक्खूने हिंडायचे नाही, हा नियम. घाटवाटांच्या तोंडाशी ही लेणी, म्हणजे पाऊस लागला की आसरा आणि पाऊस सरला की व्यापाऱ्यांचे तांडे हाकेच्या अंतरावर. आणि चीवराचा खर्च विणकरांच्या मागावर चाललेला. चारही दिशांनी येणारा अनोळखी भिक्खू इथे हक्काने उतरू शकत होता, कारण लेणे कोणा एकाच्या नावावर नव्हतेच.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. पंधरा मिनिटे उरली आहेत असे ती म्हणते, आणि जाहीर झालेल्या विषयाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे मूळ शिकवण, अजून यायची आहे. तेव्हा आता मी धावतो.

पुण्णाची 'नन्दी' आठवा. दुःख आहे, दुःखाचा उदय तृष्णेतून होतो आणि नन्दी हे तिचेच घरगुती नाव, तृष्णा विरली की दुःख विरते, आणि ते घडवून आणणारी वाट आहे. ही चार सत्ये. वाट आठ अंगांची: सम्यक दृष्टी, संकल्प, वाणी, कर्म, आजीविका, व्यायाम, स्मृती, समाधी. इथला व्यायाम म्हणजे प्रयत्न, जोर-बैठका नव्हेत. गृहस्थासाठी पाच शीले: हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे आणि नशा यांपासून दूर राहणे. पाहिलेत, सगळे बोटांवर मोजता येते. चार, आठ, पाच, पुढे तीन लक्षणे आणि कारणसाखळीच्या बारा कड्या. कित्येक शतके लिहून न ठेवलेली शिकवण वाळवंटातून आणि समुद्रावरून न सांडता न्यायची तर ती अशीच गाठी मारून न्यावी लागते. हिला दुःखवाद म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. तिसरे सत्य त्यांनी वाचलेलेच नसते.

तीन लक्षणे म्हणजे अनित्य, दुःख आणि अनात्म. यांतले अनात्म अवघड. भिक्खू नागसेन आणि यवन राजा मिलिंद यांच्या संवादात ते रथाच्या दृष्टान्ताने येते: चाक रथ आहे का, आस रथ आहे का, जू रथ आहे का? नाही; हे सगळे मिळून जे चालते त्याला व्यवहारात रथ म्हणतात, आणि नागसेन हेही तसेच एक नाव. प्रश्न विचारणारा ग्रीक वंशाचा आणि उत्तर वाहनातून दिलेले, हे माझ्या पथ्यावर पडते.

कारणवादाची गोष्ट तर चार ओळींची आहे. राजगृहात भिक्षेला निघालेल्या अस्सजीला सारिपुत्त विचारतो, तुमचे गुरू काय सांगतात? अस्सजी म्हणतो, मी नवा आहे, विस्ताराने सांगता येणार नाही. सारिपुत्त म्हणतो, थोडे सांगा की फार, मला अर्थाशी काम. पुष्कळ शब्द घेऊन काय करू? (हे वाक्य व्याख्यात्यांच्या समोरच्या भिंतीवर लावावे.) मग अस्सजी म्हणतो: 'ये धम्मा हेतुप्पभवा तेसं हेतुं तथागतो आह, तेसं च यो निरोधो एवंवादी महासमणो.' जे कारणांतून उपजते त्याचे कारण आणि त्याचा निरोध तथागतांनी सांगितला. ही गाथा मातीच्या मुद्रांवर छापलेली नालंदेला सापडते, कान्हेरीला सापडते, समुद्रापार आग्नेय आशियात सापडते. खिशात मावणारा धम्म म्हणतात तो हा.

प्रसाराचे उरलेले आता फक्त टप्पे. सिंहली इतिवृत्तांत मोग्गलिपुत्त तिस्साने नऊ दिशांना पाठवलेल्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावे आहेत. महारट्ठात महाधम्मरक्खित, अपरान्तात यवन धम्मरक्खित, लंकेत महिंद. ही दंतकथा समजावी की इतिहास, असा प्रश्न होता. सांचीच्या स्तूपातल्या अस्थिकरंडकांवर त्यांतल्या हिमालयाकडे गेलेल्या मज्झिमाचे नाव निघाले आणि तो बराच सुटला. बरोबर पाच-पाच जण गेले असे परंपरा सांगते, आणि पाच का, ते आता तुम्ही सोणाच्या काळ्या मातीवरून सांगू शकता. लंकेत इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात त्रिपिटक लिहून काढले गेले. चीनमध्ये १४८ साली लोयांगला पोचलेला पहिल्या मोठ्या अनुवादकांपैकी एक आन शिकाओ हा पार्थियन होता. ४०१ साली चांगआनला आलेला कुमारजीव बापाकडून भारतीय आणि आईकडून मध्य आशियातल्या कुचाचा. कोरियातून सहाव्या शतकात जपान. तिबेट पूर्णपणे राहतो, त्याबद्दल माफी असावी.

माझ्या कल्पनेला एक मोठा आक्षेप आहे आणि तो मी लपवणार नाही. आपापल्या बोलीची मुभा दिली की अर्थ हलतो. सुरुवातीच्या चिनी अनुवादांत मार्गासाठी 'ताओ' आणि निर्वाणासाठी 'वू वेइ' असे ताओवाद्यांचे तयार शब्द आले, आणि त्यांच्याबरोबर ताओवाद्यांचे अर्थही आले. ज्या शिकवणीत आत्मा नाही तिचे काही चिनी अनुयायी मृत्यूनंतर न मरणाऱ्या चैतन्याच्या बाजूने हिरिरीने वाद घालू लागले. ते दोन ब्राह्मण भाऊ सगळेच चुकीचे बोलत नव्हते, एवढे त्यांना द्यावे लागते. या गोंधळावर उपाय म्हणून माणसे पुन्हा मुळाकडे चालत आली, आणि त्यांतला सर्वांत चिवट चिनी भिक्खू युआन च्वांग. तो ६४५ मध्ये परतला तेव्हा त्याच्याबरोबर वीस घोड्यांवर लादलेले ६५७ ग्रंथ होते, आणि उरलेले आयुष्य त्याने ते तपासून भाषांतरित करण्यात घालवले.

हा युआन च्वांग चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात आपल्याकडे येऊन गेला. 'मो-हो-ला-च' असे त्याने या देशाचे नाव लिहिले आहे. इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमान मात्र गिळत नाहीत. त्याचा बदला घेताना जिवाची पर्वा करत नाहीत आणि मारण्याआधी शत्रूला रीतसर कळवतात, असे त्याचे निरीक्षण आहे. पुण्णाला सुनापरान्ताविषयी जे ऐकवले गेले, ते शेजारच्या मुलखात हजार वर्षांनीही फारसे बदललेले दिसत नाही. त्याच नोंदीत पुढे तो लिहितो की, या देशात शंभराच्या आसपास संघाराम, म्हणजे विहार, आहेत आणि त्यांत सुमारे पाच हजार भिक्खू राहतात.